उपाशी जिवाणू आपला डीएनए कसा जपतात?

जिवाणूंच्या वाढीचा आलेख आपण फळ्यावर अनेकदा काढलेला असतो. सुरुवातीला थोडी आडवी रेषा, मग झपाट्याने वर जाणारा चढ, मग पुन्हा आडवी रेषा आणि शेवटी उतार. चढाबद्दल आपण भरभरून बोलतो. ई. कोलाय या जिवाणूला भरपूर अन्न आणि मानवेल असं तापमान मिळालं, की तो दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतो, हे सांगितल्यावर मुलं लगेच आकडेमोड करू लागतात. मग आपण वरच्या आडव्या रेषेकडे येतो, तिला 'स्थिर अवस्था' म्हणतो, 'अन्न संपल्यामुळे वाढ थांबते' असं एक वाक्य सांगतो आणि पुढे जातो.

पण एखादी चौकस मुलगी विचारते, "त्या सपाट रेषेत जिवाणू काय करत असतात? अन्न संपलं तर ते लगेच मरत का नाहीत?"

प्रश्न साधा वाटला तरी महत्त्वाचा आहे. निसर्गात जिवाणूला पोटभर खाणं क्वचितच मिळतं. माती, पाणी, आपलं आतडं, सगळीकडे त्याचा बराच काळ अर्धपोटी किंवा उपाशीच जातो. म्हणजे फळ्यावर ज्या रेषेवरून आपण घाईने पुढे जातो, तीच त्याच्या आयुष्यातली नेहमीची स्थिती. या लेखात आपण त्या सपाट रेषेच्या आत डोकावून पाहणार आहोत.

सोळा मीटर दोरा आणि एक डबी

आधी मापं समजून घेऊ. ई. कोलायची पेशी सुमारे २ मायक्रोमीटर लांब असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या पेशीतला डीएनए हा एकच मोठा वेढा असतो आणि त्यात सुमारे ४६ लाख पायऱ्या, म्हणजे बेसच्या जोड्या असतात. दोन पायऱ्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला तर लांबी येते जवळजवळ १.६ मिलिमीटर. म्हणजे पेशीच्या लांबीच्या सुमारे आठशे पट!

मुलांना हे आकडे डोळ्यांसमोर आणता यावेत म्हणून सगळं दहा हजार पट मोठं करू. पेशी झाली २ सेंटिमीटरची, साधारण औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढी. डीएनए झाला १६ मीटर लांब. मात्र त्याची जाडी फक्त ०.०२ मिलिमीटर, म्हणजे आपल्या केसाहूनही बारीक. शिवणाचा दोरा याच्या साधारण दहापट जाड असतो, म्हणून वर्गात कॅप्सूलऐवजी एखादी लहान डबी घ्यावी. १६ मीटर दोऱ्याचे दोन तुकडे कापा. एका मुलाला त्याचा दोरा डबीत बोटाने कोंबायला सांगा. दुसऱ्याला तो आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नीट गुंडाळून मग डबीत ठेवायला सांगा. नंतर दोघांनाही दोरा बाहेर काढायला लावा. कोणाच्या दोऱ्यात गाठी पडल्या, कोणाचा तुटला, हे मुलं स्वतःच पाहतील.

जिवाणूच्या पेशीत केंद्रक नसतं. डीएनए पेशीद्रवातच, मधल्या भागात गोळा झालेला असतो. खाऊन-पिऊन वाढणाऱ्या पेशीत त्याच्यावर सतत काम चालू असतं. कुठे त्याची नवी प्रत निघत असते, कुठे जनुकं वाचली जात असतात. डीएनएला चिकटणारी निरनिराळी प्रथिनं त्याला सैलसर वळणं देऊन सांभाळत असतात. चालू शाळेत जसे नकाशे भिंतीवर, पुस्तकं टेबलावर आणि खडू-डस्टर हाताशी असतात, तसंच.

घाव नेमका कुठून बसतो?

आता अन्न संपलं असं समजू. वाढ थांबली. पण डीएनएवरचा धोका थांबला का? नाही.

ऑक्सिजन वापरून जगणाऱ्या प्रत्येक पेशीत थोडंसं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असतं. श्वसनाच्या साखळीतून जाणारे काही इलेक्ट्रॉन वाट चुकून ऑक्सिजनला जाऊन मिळतात, त्याचा हा परिणाम. दवाखान्यात जखमेवर ओततात ते हेच द्रव्य. जखमेवर फेस येतो, कारण आपल्या पेशींतलं कॅटालेज नावाचं विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. कच्च्या बटाट्याच्या कापावर पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकून हा फेस वर्गात दाखवता येतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड एकटं असेल तर डीएनएला फारसं दुखवत नाही. गडबड होते ती लोहाशी गाठ पडल्यावर. पेशीला अनेक कामांसाठी लोह लागतं, त्यामुळे लोहाचे काही आयन पेशीत मोकळे असतात. लोहाचा फेरस आयन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले, की फेरस आयनाचा फेरिक आयन होतो आणि त्याच वेळी हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येतो. लोह आणि पेरॉक्साइड या जोडीची ही ताकद इंग्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवली होती. म्हणून या प्रकारच्या क्रियेला त्यांचं नाव मिळालं.

हायड्रॉक्सिल मूलक इतका उतावळा असतो, की सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपासच तो समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. त्यामुळे त्याला दूर जायला वेळच मिळत नाही. काही नॅनोमीटरच्या आत त्याचं काम आटोपतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. डीएनएच्या पाठीच्या कण्यावर फॉस्फेटचे ऋण भार असतात आणि लोहाचे आयन धन भारित असतात. साहजिकच काही लोह डीएनएच्या अंगाला चिकटून राहतं. मूलक तिथेच जन्मतो आणि तिथेच घाव घालतो. कधी एखादा बेस बिघडतो, कधी धागाच तुटतो.

दुरुस्ती परवडत नाही तेव्हा

पोट भरलेल्या पेशीला याची फारशी चिंता नसते. तिच्याकडे बिघडलेला बेस कापून काढणारी, नवा बसवणारी आणि तुटलेला धागा जोडणारी विकरे असतात. पण दुरुस्ती फुकट होत नाही. नवे सुटे भाग लागतात, ऊर्जा लागते. ती विकरे घडवायलाही अमिनो आम्लं आणि ऊर्जा लागते. उपाशी पेशीपाशी नेमकी याचीच टंचाई असते.

अडचण नीट मांडली तर ती अशी: घाव बसतच राहणार, दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि उपास किती दिवस चालेल हे ठाऊक नाही. अशा वेळी काय करावं?

आपण घरात काय करतो ते आठवू. रोज वापरातलं लुगडं फाटलं तर शिवून घेतो. पण जे पुढे कित्येक महिने लागणार नाही, ते नीट घडी घालून, फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवतो. घडी घालताना एकदा कष्ट पडतात. त्यानंतर मात्र घडी आपोआप घडीच राहते, तिला रोज काही द्यावं लागत नाही. ई. कोलाय जवळजवळ हेच करतो, असं गेल्या काही दशकांतल्या संशोधनातून दिसून आलं आहे.

उपाशी पेशीतलं एक अनोळखी प्रथिन

अमेरिकेतल्या हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्टो कोल्टर आणि त्यांचे सहकारी उपाशी जिवाणूंचा अभ्यास करत होते. १९९२ मध्ये मार्ता आल्मिरोन, कोल्टर आणि इतरांनी तीन दिवस उपाशी राहिलेल्या ई. कोलायमध्ये मुबलक असणारं एक नवं प्रथिन शोधल्याचं जाहीर केलं. त्याला नाव दिलं 'डीपीएस'. ही इंग्रजी आद्याक्षरं आहेत आणि नावाचा अर्थ 'उपाशी पेशींतलं, डीएनएला चिकटणारं प्रथिन' असा होतो.

या प्रथिनाच्या काही गोष्टी विलक्षण होत्या. डीएनएला चिकटणारी बरीच प्रथिनं अक्षरांचा ठरावीक क्रम पाहून तिथेच बसतात. डीपीएसला क्रमाशी देणंघेणं दिसेना, ते कुठेही बसत होतं. परीक्षानळीत ते डीएनएमध्ये मिसळलं तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अगदी नियमित, ओळीत मांडल्यासारखी रचना दिसली.

पण प्रथिन सापडलं म्हणून ते रक्षण करतं हे सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलना हवी. संशोधकांनी डीपीएसचं जनुक मोडलेले जिवाणू तयार केले. आता दोन गट झाले. एकात डीपीएस बनतं, दुसऱ्यात बनत नाही. बाकी सर्व सारखं. नेहमीचे जिवाणू उपाशी राहिले, की हायड्रोजन पेरॉक्साइडला चांगला टिकाव धरू लागतात. डीपीएस नसलेल्या जिवाणूंना हा टिकाव आलाच नाही. शिवाय परीक्षानळीतल्या नुसत्या डीएनएलाही डीपीएसमुळे संरक्षण मिळालं. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि फरक पाहायचा, ही प्रयोगाची शिस्त मुलांना समजावून द्यायला हे चांगलं उदाहरण आहे.

आतून पोकळ चेंडू

१९९८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने डीपीएसची त्रिमिती रचना उलगडली. बारा सारखे रेणू एकत्र येऊन एक पोकळ चेंडू तयार होतो. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ९ नॅनोमीटर असतो. आपल्या दहा हजार पट मोठ्या प्रतिकृतीत हा चेंडू बारीक पिठाच्या कणाएवढा, ०.०९ मिलिमीटरचा होईल.

हा आकार शास्त्रज्ञांच्या ओळखीचा होता. आपल्या शरीरात लोह साठवून ठेवणारं फेरिटिन हे प्रथिन असंच पोकळ चेंडूसारखं असतं, फक्त ते चोवीस रेणूंचं असतं आणि त्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. डीपीएस त्याचं धाकटं भावंड म्हणायचं. त्याच्या पोटात सुमारे पाचशे अणू मावतात.

लोहाशी हे नातं का महत्त्वाचं, ते आता लक्षात आलं असेल. डीपीएसच्या चेंडूत शेजारी बसलेल्या दोन रेणूंच्या सांध्यावर लोह धरण्याच्या जागा असतात. तिथे फेरस आयन पकडले जातात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरूनच त्यांचे फेरिक आयन होतात. हेच फेंटनच्या क्रियेतही होतं. फरक एवढाच, की इथे दोन फेरस आयन मिळून पेरॉक्साइडच्या एका रेणूचं पाणी करतात आणि हायड्रॉक्सिल मूलक मोकळा सुटत नाही. फेरिक लोह चेंडूच्या पोटात साठवलं जातं. घाव घालणाऱ्या दोन्ही गोष्टी, लोह आणि पेरॉक्साइड, एकमेकांच्या हातूनच निकामी होतात. हा झाला रक्षणाचा पहिला मार्ग.

जिवंत पेशीत स्फटिक!

दुसरा मार्ग याहून नवलाचा. १९९९ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतले शेरोन वुल्फ, अब्राहम मिन्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी कोल्टर यांच्या गटाबरोबर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी उपाशी ई. कोलायचे अतिशय पातळ काप घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशीच्या आत त्यांना समांतर रेषांची जाळी दिसली. ती स्फटिकाची खूण होती. डीपीएसचे चेंडू आणि डीएनए यांचा मिळून एक स्फटिक पेशीतच तयार झाला होता.

मीठ, साखर, तुरटी यांचे स्फटिक आपण वर्गात वाढवतो. स्फटिक म्हणजे निर्जीव, ठरीव, न हलणारी गोष्ट, आणि सजीव म्हणजे सतत बदलणारी, हलणारी गोष्ट, असा भेद आपल्या मनात असतो. इथे मात्र एक सजीव पेशी स्वतःचा डीएनए स्फटिकात ठेवते, तेही जगण्यासाठी.

यात रक्षण कसं होतं? चेंडूंचे थर एकमेकांवर रचले जातात आणि डीएनए त्यांच्या मधल्या जागेत दाटीवाटीने बसतो. चेंडूंना शेपटीसारखे लवचीक भाग असतात. त्यांच्यावर धन भार असतो आणि त्यामुळे ते ऋण भारित डीएनएला धरून ठेवतात. अशा घट्ट रचनेत डीएनए कापणारी विकरे शिरू शकत नाहीत. बाहेर जन्मलेला हायड्रॉक्सिल मूलकही वाटेतच कशावर तरी आपटून संपतो. डीएनएशी घाव पोचण्याची वाटच बंद होते.

यात पेशीला काय परवडतं ते पाहा. डीपीएस बनवायला ऊर्जा लागते. पण ते उपासाच्या सुरुवातीला, गाठीशी थोडं असतानाच बनवलं जातं. एकदा चेंडू आणि डीएनए जवळ आले, की स्फटिक आपोआप जुळतो, कारण तीच त्यांची सर्वांत स्थिर मांडणी असते. तो टिकवायला दर तासाला ऊर्जा खर्चावी लागत नाही. जिवंत पेशीतल्या बहुतेक रचना सतत ऊर्जा ओतून टिकवाव्या लागतात. ही रचना मात्र ऊर्जा संपली तरी टिकते. दुरुस्ती परवडत नाही, म्हणून नुकसानच होऊ नये अशी व्यवस्था, आणि तीही बिनखर्चाची. या साऱ्या गोष्टीचं मर्म हेच आहे.

थोडी आकडेमोड

जोमाने वाढणाऱ्या ई. कोलायच्या एका पेशीत डीपीएसचे सुमारे सहा हजार रेणू असतात. स्थिर अवस्थेत खोलवर गेलेल्या पेशीत ते सुमारे एक लाख ऐंशी हजार होतात. जपानमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये ही मोजणी प्रसिद्ध केली. तीसपट वाढ! उपास सुरू झाला, की जनुकं वाचणाऱ्या यंत्रणेचा एक खास भाग डीपीएसचं जनुक चालू करतो. भरभराटीच्या काळात या जनुकाला आवरून धरणारी प्रथिनंही असतात. त्यांच्यातलं फिस नावाचं प्रथिन उपासात जवळजवळ नाहीसं होतं.

वरच्या वर्गातल्या मुलांना पुढचं गणित घालता येईल. एका चेंडूला बारा रेणू लागतात, तर १,८०,००० रेणूंचे किती चेंडू? १५,०००. डीएनएची एक प्रत धरली, तर ४६ लाख पायऱ्यांमागे १५,००० चेंडू, म्हणजे साधारण दर तीनशे पायऱ्यांना एक चेंडू. आता घनफळ काढू. ९ नॅनोमीटर व्यासाच्या १५,००० चेंडूंचं घनफळ सुमारे ५७ लाख घन नॅनोमीटर होतं. डीएनए हा २ नॅनोमीटर जाडीचा आणि १.६ मिलिमीटर लांबीचा दंडगोल धरला, तर त्याचं घनफळ सुमारे ५० लाख घन नॅनोमीटर येतं. दोन्ही आकडे जवळपास सारखे! म्हणजे अख्ख्या डीएनएला सामावून घेण्याइतकी सामग्री पेशीत खरोखरच जमलेली असते. उगाच चार-दोन चेंडू चिकटले आणि आपण त्याला संरक्षण म्हणालो, असं नाही.

वर्गात करून पाहा

स्फटिक 'आपोआप' जुळतो म्हणजे काय, हे दाखवायला सायकलच्या दुकानातून एकाच आकाराचे साठ-सत्तर छर्रे आणा. एका सपाट बुडाच्या ताटात ते ओता. ताट एका बाजूला किंचित कलतं धरून हलकेच थरथरवा. थोड्याच वेळात छर्रे एकमेकांना बिलगून ओळींत बसतात. मधल्या कुठल्याही छऱ्याभोवती मोजलं तर सहा शेजारी दिसतात. ओळीत बसा असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सारखा आकार आणि जवळ येण्याचं कारण, एवढं पुरतं.

आता त्यात चार-सहा मोठ्या गोट्या टाका आणि पुन्हा हलवा. गोट्यांच्या आसपास ओळी मोडतात. डीपीएसचे सगळे चेंडू एकाच मापाचे असणं किती महत्त्वाचं आहे, ते यावरून समजेल.

मात्र मुलांना एक सांगायला विसरू नये. छर्रे गुरुत्वाकर्षणाने एकत्र येतात, रेणूंना एकत्र आणतात ते विद्युत भार. प्रतिकृती कुठवर खरी आणि कुठे अपुरी, हे सांगणं हाही शिकवण्याचाच भाग आहे.

कपाट बंद, तरी दाखला मिळतो

इथे एक शंका येते. डीएनए असा बंदिस्त झाला, तर पेशीला लागणारी जनुकं वाचायची कशी? उपाशी पेशीलाही थोडीफार कामं असतातच. पुष्कळ दिवस असाच समज होता, की आवळलेल्या डीएनएवरचं वाचन बंद पडत असणार.

२०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथले संशोधक आणि त्यांचे इतर देशांतले सहकारी यांनी हे तपासून पाहिलं. डीपीएस असलेल्या आणि नसलेल्या उपाशी जिवाणूंत जनुकांचं वाचन किती होतं, याची त्यांनी तुलना केली. डीपीएसमुळे डीएनए आवळला गेला होता, तरीही वाचनात त्यामुळे फरक पडलेला दिसला नाही. परीक्षानळीत डीपीएसने आवळलेल्या डीएनएपर्यंत कापणारी विकरे पोचू शकली नाहीत, पण जनुक वाचणारं आरएनए पॉलिमरेज हे विकर मात्र पोचलं.

शाळेला सुट्टी लागते तेव्हा कपाटांना कुलपं लागतात. कोणी पुस्तकं फाडू शकत नाही. पण एखाद्या मुलाला दाखला हवा असेल, तर कारकून येऊन नेमकं रजिस्टर काढतो, दाखला लिहितो आणि पुन्हा कुलूप लावतो. डीपीएसची व्यवस्था काहीशी अशी दिसते. ही रचना घट्ट असली तरी दगडासारखी गोठलेली नाही. चेंडू बसतात, हलतात, पुन्हा बसतात.

सर्व उपाशी पेशी एकसारख्या वागत नाहीत, हेही पुढे कळलं. रशियन संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच वाढीतल्या काही पेशींत स्फटिक दिसले, काहींत द्रव-स्फटिकासारखी सैल रचना, तर काहींत गुंडाळ्या. म्हणजे 'उपाशी जिवाणूत स्फटिक असतो' हे वाक्य सरसकट फळ्यावर लिहू नये. 'अनेक पेशींत डीएनए सुव्यवस्थित रचनांत बांधला जातो, त्यातली एक रचना स्फटिकाची' असं म्हणणं अधिक योग्य.

अन्न परत मिळालं, की फिससारखी प्रथिनं पुन्हा वाढतात, डीपीएसचं जनुक आवरलं जातं आणि असलेलं डीपीएस पेशीतली विकरे मोडू लागतात. नकाशे पुन्हा भिंतीवर लागतात.

इतरांच्या तऱ्हा

हा उपाय एकट्या ई. कोलायचा नाही. डीपीएससारखी प्रथिनं अनेक जिवाणूंत सापडतात. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीपंकर चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जिवाणूतल्या डीपीएसचा अभ्यास केला. क्षयाच्या जंतूचा हा निरुपद्रवी नातेवाईक. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं, की इथलं डीपीएस दोन रूपांत असतं. तीन रेणूंचा गट लोह हाताळतो, पण डीएनएला चिकटत नाही. बारा रेणूंचा चेंडू डीएनएला चिकटून त्याला आवळतो. रक्षणाचे दोन मार्ग इथे दोन रूपांत वेगळे दिसतात. त्याची त्रिमिती रचना चटर्जी आणि एम. विजयन यांच्या गटांनी मिळून २००४ मध्ये प्रसिद्ध केली.

बॅसिलस जातीचे जिवाणू याहून पुढे जातात. अन्न संपलं, की ते टणक बीजाणू बनवतात. फर्डिनांड कोन आणि रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये अशा बीजाणूंची वर्णनं प्रसिद्ध केली. बीजाणूतल्या डीएनएवर लहान प्रथिनांचा दाट थर बसतो, गाभ्यातलं पाणी कमी होतं आणि तिथे कॅल्शियमबरोबर डायपिकोलिनिक आम्ल साठतं. गवताचा अर्क नुसता उकळून हे बीजाणू मरत नाहीत, म्हणून जॉन टिंडल यांनी १८७७ मध्ये थांबून थांबून पुन्हा उकळण्याची युक्ती काढली. मधल्या वेळात बीजाणू अंकुरतात आणि पुढच्या उकळीत मरतात. प्रयोगशाळेत आज १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ पंधरा मिनिटं वापरतात ती याचसाठी. शिजवलेला भात उबदार जागी तासन्‌तास ठेवू नये, याचंही कारण हेच. शिजवताना टिकून राहिलेले बॅसिलस सेरियसचे बीजाणू त्यात अंकुरतात.

डिनोकोकस रेडिओड्युरान्स हा तिसरा नमुना. १९५६ मध्ये अमेरिकेत ऑरेगॉन इथे गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं डबाबंद मांस तरीही नासलं, तेव्हा तो सापडला. माणसाला जी मात्रा मारते, तिच्या हजारपट मात्रेतूनही तो वाचतो. त्याचा डीएनए घट्ट कड्याच्या आकारात असतो, म्हणून तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर जात नाहीत, अशी कल्पना २००३ मध्ये मांडली गेली. ती सर्वांना पटलेली नाही. त्याच्या पेशीतलं मँगनीज प्रथिनांना वाचवतं आणि ती वाचलेली प्रथिनं डीएनए दुरुस्त करतात, असं दुसरे शास्त्रज्ञ दाखवून देतात. म्हणजे सुव्यवस्थित रचना दिसली की तीच रक्षणाचं कारण, असं लगेच म्हणता येत नाही. ई. कोलायमध्ये डीपीएस काढून टाकून केलेली तुलना का मोलाची, ते इथे पुन्हा पटतं.

त्या मुलीला काय सांगायचं?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. सपाट रेषेत जिवाणू काय करत असतात? वरून पाहिलं तर काहीच नाही. संख्या वाढत नाही, पेशी आकसून लहान आणि गोलसर झालेल्या असतात. पण आत त्यांनी पुढच्या काळाची तजवीज केलेली असते. लोह पोटात कोंडलेलं असतं, पेरॉक्साइड निकामी केलेलं असतं आणि डीएनए घडी घालून ठेवलेला असतो.

म्हणून 'अन्न नाही, वाढ नाही, म्हणजे जिवाणू मेले' असं वर्गात म्हणायचं नाही. रिकामी वाटणारी टाकी, वाळलेलं फडकं, नुसता विसळलेला डबा यांतही कितीतरी जिवाणू असे आवरून बसलेले असू शकतात. स्वच्छतेचे नियम आपण मुलांना सांगतो, त्यामागचं कारण इथे आहे. पुढच्या वेळी फळ्यावर आलेख काढाल तेव्हा वरच्या आडव्या रेषेपाशी थोडं थांबा. 'इथे काय चाललं असेल?' असं आपणच मुलांना विचारा. छऱ्यांचं ताट हाताशी असेल तर फारच छान.